उधारीच्या वहीतलं एक पान : आमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व डॉक्टर मंडळींना सप्रेम नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या एका बाजारगावात गेली सव्वीस वर्षं मी मेडिकल चालवतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं अक्षर मला तुमच्या घरच्यांपेक्षा चांगलं लागतं. अंगाच्या तक्रारीआड लपलेल्या मनाच्या दुखण्यांबद्दल मला बोलायचंय. दवाखान्यात येऊन तोंडी सांगता आलं असतं. पण बाहेर साठ पेशंट बसलेले असतात आणि मी दारात उभा राहिलो की नव्या कंपाउंडरला वाटतं, एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस आला. म्हणून उघडच लिहितो. उघड लिहिलं की तुमचे पेशंटही वाचतील, हाही एक हेतू आहे. त्यामुळं तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी इथं पुन्हा येतील. राग मानू नका.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आधी जुनी उधारीची वही बेरजेला काढली होती. आमच्याकडं उधारी घराच्या नावावर असते. घरातलं कोणीही येऊन औषध नेतं, आकडा थोरल्याच्या खात्यावर पडतो. बेरीज करता करता एका पानावर हात थांबला. (कोणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतलं इकडचं तिकडं केलंय.) आजीची झोपेची गोळी, गुडघ्याचं मलम, ताकदीचं टॉनिक. थोरल्या मुलाची ॲसिडिटीची पाकिटं, महिन्याला तीन. धाकट्या सुनेच्या रक्तवाढीच्या गोळ्या आणि दूध येण्यासाठी शतावरीची पावडर. नातवाच्या डोकेदुखीच्या आणि पोटदुखीच्या गोळ्या.

चार माणसं, चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या. तुमच्या टेबलासमोर ती एकेकटी बसली. माझ्या पानावर एकाखाली एक आली. मी डी.फार्म. झालेला माणूस, निदान करणं माझं काम नव्हे. पण पुढच्या सहा महिन्यांत त्या चारांतले दोघं मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडं जाऊन आले आणि त्यांच्या नव्या चिठ्ठ्या माझ्याच काउंटरवर आल्या. एकाला चिंतेचा आजार निघाला, एकीला नैराश्य. उरलेल्या दोघांना अजून कोणी विचारलेलंच नाही.

आजीपासून सुरुवात करतो, कारण तिथं माझाही गुन्हा आहे.

आजी बहात्तरची. आजोबा जाऊन दोन वर्षं झाली. कोणीतरी तिला अल्प्राझोलाम लिहून दिली, पाच दिवसांसाठी. त्या एका चिठ्ठीवर तिनं दीड वर्ष गोळी खाल्ली, आणि देणारा मी. ही गोळी २०१४ पासून एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सगळं ठाऊक आहे मला. पण नातू सायकलवरनं येतो, "आजीनं गोळ्या मागितल्यात" म्हणतो, मळलेली चिठ्ठी पुढं करतो, आणि आपण देतो. उधारीच्या वहीत लिहितो. रजिस्टरात काय लिहितो ते इथं न लिहिलेलं बरं.

ही आजी तुमच्याकडं काय घेऊन येते? "झोप लागंना, गुडघं धरल्यात, जेवान गोड लागंना, इसरायला हुतंय." यात मन कुठंच नाही. तिच्या पिढीत मन दुखतंय म्हणून सांगायची सोय नव्हती. अंग दुखतंय म्हटलं तर निदान कोणी तेल तरी चोळायचं. मग गुडघ्याचा फोटो निघतो, कॅल्शियम लागतं, आणि उठताना तुम्ही मायेनं म्हणता, "आता वयच झालं की आजी." मीही म्हणतो. पण पहाटे तीनला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत समोरच्या रिकाम्या खाटेकडं बघत बसायचं, हे वयाच्या खात्यावर घालता येत नाही.

मिरजेच्या त्या तज्ज्ञांनी एकदा मला एक खूण सांगितली होती. विसरायला होतं ही तक्रार म्हातारं माणूस स्वतःच सांगत असेल, तर आधी नैराश्य आहे का ते बघावं. घरचे सांगतायत आणि म्हातारा म्हणतोय "मला काय धाड भरलीय?", तर स्मृतिभ्रंशाची शंका जास्त. खूणच आहे, नियम नव्हे. थायरॉईड आणि बी-ट्वेल्व्ह बघायचंच. आणि नैराश्य निघालं तर ते या वयातही उपचारानं हटतं, एवढं तिच्या घरच्यांना सांगायचं.

झोपेच्या या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो. रात्री लघवीला उठताना पाय घसरला की खुब्याचं हाड. गेल्या चार वर्षांत खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या ओळखीच्या तीन म्हाताऱ्या. वही मागं चाळली, तर त्यातल्या दोघी ही गोळी माझ्याकडनं न्यायच्या. गोळीमुळंच पडल्या असं मी म्हणत नाही. त्या रात्री मला मात्र झोप लागली नाही.

आता थोरला. अठ्ठेचाळीस वय, तीन एकर द्राक्ष. छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, घाम फुटतो, "आता जातोय का काय" असं वाटतं. दहा मिनिटांत शिगेला पोचतं, अर्ध्या तासात ओसरतं. ओसरल्यावर ढेकर येतो, म्हणून घरात त्याचं नाव गॅस. तीनदा ईसीजी झाला, सांगलीला जाऊन इको झाला. सगळं नॉर्मल. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "काही झालेलं नाही तुला. टेन्शन घेऊ नको." तो तिथनं थेट माझ्याकडं आला. म्हणाला, "काय न्हाई म्हणत्यात डॉक्टर. मग मी काय नाटक करतोय व्हय?"

डॉक्टर, या पत्रातनं एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या: "काही नाही" हे वाक्य बंद करा. हृदयाला काही नाही, हे खरं. पण त्या दहा मिनिटांत त्याचं अंग खरोखर पळायच्या तयारीला लागलेलं असतं, वाघ समोर नसला तरी. त्याला असं सांगितलं तर? "तुझं हृदय चांगलं आहे. हा घाबरण्याचा झटका आहे, पॅनिक अटॅक म्हणतात. यानं माणूस मरत नाही आणि याला इलाज आहे." अर्धा मिनिट जातो. ते अर्धं मिनिट न दिल्यानं त्या माणसानं पुढच्या चार महिन्यांत ॲसिडिटीच्या गोळ्यांची बारा पाकिटं नेली आणि एकट्यानं तासगावला मोटरसायकलवर जायचं सोडलं.

"टेन्शन कुणाला नाही" असं तुम्ही म्हणाल, आणि द्राक्षवाल्याला तर आहेच. ऑक्टोबर छाटणी घेतलेली असते, बाग फुलोऱ्यात असते, आणि नोव्हेंबरात आभाळ भरून येतं. दावण्या या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं रात्री दोनला फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. सोसायटीचं कर्ज, औषधवाल्याची उधारी, आणि माल उचलून चेक न वटवणारा व्यापारी. यात जो घाबरत नाही तोच वेडा. फरक मला आमच्या एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं सांगितला, कोणत्याही पुस्तकापेक्षा सोप्या शब्दांत. "पाऊस गेला, बाग वाचली, बेदाण्याला दर बी बरा मिळाला. तरी ह्यांच्या तोंडावर ऊन पडलं न्हाई." कारण गेलं तरी काळोख राहिला, दोन आठवड्यांच्या वर राहिला, जेवण-झोप-काम सगळ्यात शिरला, तर ते टेन्शनच्या पुढचं आहे.

काळजीचंही तसंच. कृष्णाकाठच्या गावांतली माझी काही गिऱ्हाइकं आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा त्यांची घरं बुडाली. त्यातली एक बाई पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला टेकली की कागदपत्रांची पिशवी भरून दारात ठेवते. शहाणी बाई. पण तिची जाऊ डिसेंबरातही पिशवी सोडत नाही, नळाचं पाणी जोरात आलं तरी दचकते. पहिलीला औषध नको. दुसरीला मदत हवी आहे, आणि ती तुमच्याकडं येते ती चक्कर येते म्हणून.

पुरुषांचं आणखी एक. हे लोक रडत नाहीत. चिडतात, पितात, पोरांवर हात टाकतात, नाहीतर गप्प होतात. "दारू सोड" हा सल्ला बरोबरच आहे, पण दारू आधी की दुखणं आधी हे विचारायला नको का?

आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही विचारा. तुम्हाला भीती असते की विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात घालू. तसं होत नाही. उलट माणूस मोकळा होतो, हे तुमच्याच शास्त्रानं तपासून सांगितलंय. दुसरी भीती पोलिसांची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, मे २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच त्यात धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत आलेलंच नाही. असा पेशंट दिसला तर त्या दिवशी त्याला एकटं घरी पाठवू नका, आणि घरच्यांना सांगा की फवारणीची औषधं कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं.

धाकट्या सुनेची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती कोणाचीच पेशंट नव्हती.

माहेर जतकडचं. बाळंतपण मिरजेत झालं, सव्वा महिना माहेरी, आणि तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन सासरी. पोटुशी असताना दाखवायची तो दवाखाना एक, बाळंत झाली तो दुसरा, माहेरचा डॉक्टर तिसरा, सासरचे तुम्ही चौथे. कागद कुणाकडंच पूर्ण नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळे भरून येणं, चिडचिड होणं, हे अर्ध्याअधिक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं. राहिलं, वाढलं, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दहांत एकीपेक्षा जास्त बायकांना गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर हे होतं. दहांत एक म्हणजे आमच्या गल्लीत दरवर्षी.

तिचं लक्षण काय होतं? बाळ झोपलं तरी ती झोपायची नाही. श्वास चालू आहे का म्हणून रात्रीत वीस वेळा बाळाच्या नाकापाशी बोट धरायची. सासू म्हणायची, पहिलटकरीण आहे, काळजी करती. दूध कमी आलं म्हणून मी शतावरी दिली. एके दिवशी ती स्वतः दुकानात आली, बाळाला घरी ठेवून, आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, मला बाळाबद्दल कायच वाटंना झालंय. मी वाईट आई हाय का?" दुकानात तीन माणसं होती. मी घाबरून म्हणालो, "असं काही नसतं वहिनी." बघा, माझ्याही तोंडातनं तेच निघालं.

या बायकांना गाठायची एक जागा आहे. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लस असते. आई दवाखान्यात येतेच येते. सगळ्यांची नजर बाळाच्या मांडीवर असते. त्याच वेळी आईला विचारायचं, "तू कशी आहेस? बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" एडिंबरा मोजपट्टी म्हणून दहा प्रश्नांचा कागद १९८७ पासून जगभर वापरात आहे. तेवढा वेळ नसेल तर हे दोनच प्रश्न, पण सासूला बाहेर पाठवून.

नातवाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याकडं माझं लक्ष सगळ्यात उशिरा गेलं. सतरा वर्षं, अकरावी, नीटचा क्लास. परीक्षेच्या आठवड्यात डोकं, सोमवारी पोट. उदास असा काही दिसत नव्हता. उद्धट दिसत होता. या वयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. पोरगं दार लावून घेतं, क्रिकेटला जायचं सोडतं, मार्क घसरतात आणि घरात सगळ्यांचा राग मोबाईलवर निघतो. बापाच्या आजाराला गॅस म्हणणाऱ्या घरात पोराच्या आजाराला माज म्हणतात. चष्म्याचा नंबर तपासून झालाय, जंताची गोळी दोनदा झालीय. पुढं?

आता गोळ्यांबद्दल, कारण तो माझा प्रांत आहे. आमच्या काउंटरवर रोज एक गंमत घडते, रडू येईल अशी. जिची खरोखर सवय लागते ती झोपेची गोळी लोक दहा-दहा वर्षं निर्धास्त खातात. आणि एस्सिटालोप्रामसारखी नैराश्यावरची गोळी, जिची तशी चटक लागत नाही, ती "सवय लागंल" म्हणून आठ दिवसांत बंद करतात. अर्धं पाकीट परत घेऊन येतात: "ही सूट हुईना, पैसं द्या." पहिल्या आठवड्यात मळमळ होते, थोडी अस्वस्थता वाढते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते आणि सोडताना हळूहळू सोडावी लागते. हे चिठ्ठी लिहिताना कोणी सांगितलेलं नसतं. मी सांगतो, तर लोक म्हणतात, "डॉक्टर तर असं काय म्हणालं न्हाईत." दोघांनी मिळून सांगितलं तर पटेल. गोळीशिवायही इलाज आहेत, बोलून करायचे. सौम्य दुखण्यात तेच आधी. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. गुडघ्याला, मुतखड्याला, बायपासला आपण माणसं बिनदिक्कत मिरजेला पाठवतो. या एकाच दुखण्याला मिरज लांब कशी पडते, कळत नाही.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती. चिंता-नैराश्यासारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्या शंभरांतले पंच्याऐंशी जण उपचाराविना होते. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आपल्याकडं चित्र वेगळं असेल असं मानायला माझी वही तयार नाही. माझा अनुभव एवढाच की हे पंच्याऐंशी जण घरात लपून बसलेले नाहीत. ते तुमच्या बाकावर बसलेले आहेत, हातात लघवीचा रिपोर्ट घेऊन.

आमच्या आशाताईंच्या पिशवीत तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा एक फॉर्म असतो. बीपी-शुगरच्या प्रश्नांबरोबर त्यात दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात, कशात रस वाटेना झालाय का? आणि मन खिन्न, निराश वाटतंय का? तुमच्याच शास्त्रातले प्रश्न. एकच अडचण आहे, भाषेची. "उदास वाटतं का" म्हणून एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "उदास व्हायला मी काय बैरागी हाय?" तिला विचारायचं, "कशाचीच गोडी वाटंना असं झालंय का?" द्राक्षवाल्याला, "बागेत जाऊ वाटतंय का?" पोराला, "शेवटचं कधी खेळलास?" बाळंतिणीचा प्रश्न वर लिहिलाच आहे. प्रश्न दोनच, पण प्रत्येक वयाला त्याच्या बोलीत.

मी माझ्याकडनं काय करणार ते सांगतो. दिवाळीपासून अल्प्राझोलाम जुन्या चिठ्ठीवर देणं बंद केलंय. तीन गिऱ्हाइकं तुटली, एक भांडून गेलं. जे वर्षानुवर्षं खातायत त्यांना एकदम बंद करू नका, डॉक्टरांना भेटून हळूहळू कमी करून घ्या, असं सांगून तुमच्याकडं पाठवतोय; दारात आले तर मेडिकलवाल्यानं काढलेली खोडी समजू नका. काउंटरच्या काचेवर १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लावलाय. टेलि-मानस, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि पहिले चार महिने तो मलाच माहीत नव्हता.

तुमच्याकडं मागणं दोन. झोपेच्या गोळीच्या चिठ्ठीवर दिवस अक्षरी लिहा, म्हणजे "५" चा "५०" होणार नाही आणि नाही म्हणायला मलाही आधार राहील. आणि एका घरातलं तिसरं माणूस "काही निघत नाही" असं दुखणं घेऊन आलं, तर उरलेल्यांची चौकशी करा. तुमच्याकडं केसपेपर माणसागणिक असतात. माझ्याकडं घराचं पान आहे. नावं उघड न करता, पेशंटला विचारून, ते पान तुमच्यापर्यंत कसं आणायचं, यावर बोलायला मी तयार आहे.

नातू अजून येतो, सायकलवरनंच. आज पुन्हा डोकेदुखीची गोळी मागितली. मी दिली नाही. आतल्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. अर्धा तास तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. जाताना विचारलं, "उद्या येऊ का?" तो उद्या यायच्या आत तुमच्यापैकी कोणी मला सांगाल का, की पोरांशी या विषयावर बोलताना सुरुवात कुठनं करतात? दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते.

आपला,
एक औषध विक्रेता
तासगाव तालुका, जि. सांगली